वीसपैकी वीस

“दुसरी रांग, चौथा?”

“अरुंद पूल.”

“पहिली रांग, पाचवा?”

“म्होरं शाळा हाय.”

“तिसरी रांग, दुसरा?”

“परवेश बंद.”

जानू ढेबे डोळे मिटून, मांडी घालून माझ्या शाळेच्या फरशीवर बसला होता आणि धडाधड उत्तरं देत होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “जानू, साहेब काय, साहेबाचा बापसुद्धा तुला नापास करू शकत नाही.”

माझी शाळा म्हणजे तालुक्याच्या एसटी स्टँडला लागून असलेली एक खोली आणि दोन ब्रेकची एक मारुती. दारावर ‘पिसाळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ अशी पाटी. महिन्यातून एकदा जिल्ह्याहून परिवहन खात्याचे साहेब यायचे, सरकारी विश्रामगृहाच्या आवारात टेबल टाकून बसायचे आणि लायसनची परीक्षा घ्यायचे. आधी रस्त्यावरच्या चिन्हांची तोंडी, मग गाडी. चिन्हांसाठी त्यांच्याकडे एक पत्र्याचा फलक होता. चार रांगा, रांगेत पाच चिन्हं. साहेब बदलत, फलक तोच. मी काय केलं, पेंटर लावून तो फलक हुबेहूब माझ्या भिंतीवर उतरवून घेतला. साहेबांची छडी कुठेही पडो, माझ्या माणसाला कितव्या रांगेतलं कितवं चिन्ह एवढं कळलं की बस. अर्थ समजावत बसायला आठवडा जायचा, रांगा दोन दिवसांत पाठ व्हायच्या. ‘आमचा एकही उमेदवार चिन्हांत नापास नाही’ असं मी पत्रकावर छापायचो, आणि ते खरंच होतं. मला माझ्या या अकलेचं भारी कौतुक होतं.

जानू वरच्या डोंगरातल्या कारवंडवाडीचा धनगर. वय पंचेचाळीसच्या आसपास. वाडीचं दूध खाली आणायला त्यानं आणि त्याच्या भावानं, विठूनं, मिळून एक जुनी जीप घेतली होती. अक्षरओळख म्हणाल तर नावापुरती सही. पण हात असा की गाडी आयुष्यभर चालवत आल्यासारखी वळवायचा. त्याचा फॉर्म त्याच्या मुलीनं, मालननं भरला होता. मालन बारावी झालेली, घाटाखालच्या एका गावात दिलेली, तिथेच बालवाडीत शिकवायची. बापाचं तिला अप्रूप होतं. फॉर्म भरताना मला म्हणाली होती, “सर, बाबा पास झाले ना, की माझ्या पोरांना सांगेन, माझे बाबा शिकले म्हणून.”

जानू वीसपैकी वीस उत्तरं देऊन पास झाला. साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं होतं.

परत येताना गाडी त्याच्याकडेच दिली. गावाबाहेर वळणावर एक एकटी पाटी उभी होती. मी गंमत म्हणून विचारलं, “जानू, ही कसली रे?”

त्यानं गाडी हळू केली, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “रांग सांगा की, सर.”

मी हसून हसून बेजार झालो. तोही हसला, मी हसतोय म्हणून. पुढे वर्षभर चहाच्या टपरीवर हा किस्सा मी रंगवून सांगत होतो. एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा माणूस आता याच रस्त्यावर रोज गाडी घेऊन उतरणार आहे.

दोन-अडीच वर्षं काही झालं नाही. वाट पायाखालची, गाडी हातातली. पाट्यांची गरज पडलीच नाही. मग सरकारनं घाट सुधारायला घेतला. वाडीच्या थोडं खाली रस्त्याला फाटा फोडला. वरून येणाऱ्यांनी डावीकडच्या जुन्या रस्त्यानं उतरायचं आणि उजवीकडच्या नव्या रस्त्यानं फक्त वर चढायचं. नव्या रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावली. लाल गोल आणि त्यात पांढरा आडवा पट्टा. बाकी अक्षर नाही, बाण नाही.

पाटी लागून चार दिवस झाले होते. जानू डोंगरापलीकडे कुठल्याशा लग्नाला गेला होता आणि चौथ्या रात्री उशिरा परतला, त्यामुळे ते चार दिवस दुधाची गाडी विठूनं खाली नेली होती. पाचव्या दिवशी पहाटेपासून जानूच्या बायकोच्या, बनाबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. थंडीचे दिवस, सकाळचे आठ वाजलेले, घाटात धुकं. जानूनं तिला जीपमध्ये मागे निजवलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाला. फाट्यावर आला आणि उजवीकडे वळला. तिसऱ्या वळणावर खालून विटांनी भरलेला टेम्पो येत होता.

बनाबाई जागच्या जागी गेली. जानूच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, एवढंच.

वाडीत आणि बाजारात एकच बोललं जायचं. नवा रस्ता मैलभर जवळचा, जानूला घाई नडली. पाटी दिसत असून घुसला. बायकोला मारलंन. मालनलाही तेच वाटत होतं. तिच्या बापाला आडवाटेची खोडच होती, मेंढरं हाकणारा माणूस, सरळ रस्त्यानं कधी गेला नव्हता. ती दहा दिवस वाडीला राहिली, पण बापाशी बोलली नाही असं विठू मला म्हणाला.

मी भेटायला गेलो नाही. गाडी बिघडलीय, पोरांच्या परीक्षा आहेत, असं स्वतःलाच सांगत राहिलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ‘रांग सांगा की, सर’ हे शब्द आता मला हसू आणत नव्हते. रात्री दचकून जाग यायची ती त्या शब्दांनीच.

दीड वर्षानं खटला उभा राहिला आणि सरकारतर्फे मला साक्षीचं समन्स आलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात जानू बाकावर बसला होता. वाळून अर्धा झाला होता. मला पाहून उठला, हात जोडले. “सर, तुमाला उगा तरास.”

मी त्याच्या शेजारी बसलो. माझ्या वकिलानं मला आधीच सांगून ठेवलं होतं की शिकवण्यात कसूर निघाली तर शाळेची मान्यता जाऊ शकते. घरात दोन मुलं कॉलेजला. मी इकडेतिकडे बघत म्हणालो, “जानू, मला विचारतील तुला चिन्हं येत होती का म्हणून. मी काय सांगू?”

“काय म्हंजी? येतच हुती की. इसात ईस पडलं हुतं.”

“नाहीतर माझी शाळा बंद होईल रे.”

“तुमची का म्हून बंद हुईल? गाडी म्या चालवीत हुतो.” आणि वर मलाच धीर द्यायला म्हणाला, “तुमी बिनघोर ऱ्हावा, सर.”

आधी बांधकाम खात्याचे इंजिनिअर उभे राहिले. त्यांनी कागद काढून वाचून दाखवलं. पाटीचा घेर नियमाप्रमाणे, रंग नियमाप्रमाणे, जमिनीपासून उंची नियमाप्रमाणे, फाट्यापासून अंतर नियमाप्रमाणे. जानूच्या वकिलानं विचारलं, “त्यावर ‘प्रवेश बंद’ असं मराठीत लिहिलेलं का नव्हतं?” इंजिनिअर म्हणाले, “हे चिन्ह सगळीकडे असंच असतं. चिन्हाचा अर्थ माहीत असणं ही चालकाची जबाबदारी आहे. माहीत नसेल त्याला लायसन मिळतच नाही.” न्यायाधीशांनी मान हलवली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग मी.

“आरोपीला तुम्ही प्रशिक्षण दिलं?”

“हो.”

“प्रवेश बंदचं चिन्ह त्यात होतं?”

“होतं.”

“ते त्याला येत होतं?”

समोर मालन बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी म्हणालो, “परीक्षेत त्याला वीसपैकी वीस मिळाले होते.”

“धन्यवाद.”

एवढंच. भिंतीवरच्या फलकाबद्दल कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्रत्येक शब्द खरा बोललो आणि इतकं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.

जानूला न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, “तुम्हाला पाटी दिसली होती का?”

“दिसली, सायेब.”

“मग आत का गेलात?”

जानूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “चुकी झाली, सायेब.”

सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि लायसन रद्द झालं.

बाहेर आवारात मालननं मला गाठलं. डोळे कोरडे होते. “सर, एकच सांगा. बाबांना ती पाटी ओळखता येत होती?”

ही कोर्टाची जागा नव्हती. इथे ना शपथ होती ना वकील. पोरगी आपल्या बापाबद्दल विचारत होती. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर बापलेकीचं तेवढ्यावर निभावलं असतं. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही शिकवलंत काय? आणि दहा पावलांवर माझा वकील उभा होता.

“हो,” मी म्हणालो.

“म्हणजे मुद्दाम गेले.”

ती वळली आणि चालू लागली. तिकडे पोलीस जानूला गाडीत बसवत होता आणि तो मान उंचावून मुलीकडे बघत होता. तिनं मागे पाहिलं नाही.

सुटून आल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी जानू माझ्या दारात आला. डोंगरातून चालत आला होता. पायातल्या वहाणा बाहेर काढून नेहमीच्या जागी फरशीवर बसला.

“सर, एक काम हुतं. त्या ईस पाट्यांमदली परवेश बंद कंची, तेवडी मला दावा.”

भिंतीवरचा फलक मी केव्हाच चुन्यानं पुसून टाकला होता. माझ्याकडे आता सुटे पुठ्ठे होते, एकेका पुठ्ठ्यावर एकेक चिन्ह. मी ते त्याच्यापुढे मांडले आणि त्यातला एक पुढे सरकवला. लाल गोल, पांढरा पट्टा.

त्यानं तो हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला.

“हीच हुती तितं,” तो शेवटी म्हणाला. “म्या न्हाई का म्हनलं, दिसली हुती म्हून. धुक्यातनं एकदम म्होरं आली. सर, मला वाटलं ह्यी दवाखान्याची.”

“काय?”

“लाल आन् पांढरं. दवाखान्याच्या गाडीवर आसतंय न्हवं? नर्सबाईच्या पेटीवर आसतंय. इसामदी येक दवाखान्याची हाय, यवडं म्हाईत हुतं मला. चौथी रांग, पयला. बना मागं वरडत हुती. म्या तिला म्हनलं, आता कळ काढ, दवाखान्याची पाटी आली, ह्यो बग नवा रस्ता तिकडंच काढलाय.”

मला त्याच्याकडे बघवेना. मी खाली बघत त्या पुठ्ठ्यांमधून दवाखान्याचं चिन्ह शोधून काढलं. निळा चौकोन.

“ही निळी हाय,” जानू म्हणाला.

“हो.”

“म्या कंदी रंग बगितलाच न्हाई, सर. डोळं मिटून म्हनायचो न्हवं.”

मी रडलो. मास्तर म्हणवून घेणारा मी, त्याच्यापुढे फरशीवर बसून रडलो. “जानू, माझं चुकलं. मी तुला शिकवलंच नाही.” असं दोन-तीनदा म्हणालो. तो कावराबावरा झाला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “आसं करू नका, सर. मला कुनाला काय म्हनायचं न्हाई. फकस्त माज्या मालनला सांगा. बाप मुद्दाम न्हाई गेला, यवडं सांगा. माजं ती आयकून घ्यायची न्हाई. तुमचं आयकंल.”

“सांगतो. उद्याच जातो.”

आणि गेलोही. मालनच्या घरी ओसरीवर बसलो. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. सासू समोर येऊन बसली. पुतण्याला गाडी शिकायची आहे, तुमच्याकडे शिकवतात का, असं सासरे विचारू लागले. “सरांच्या हाताखालचं माणूस नापास होत नाही म्हणे,” ते म्हणाले. मालन कपबशी माझ्या हातात देताना माझ्याकडे बघत होती, मी का आलोय हे तिला कळत नव्हतं. मी चहा प्यायलो. या बाजूला काम होतं, सहज डोकावलो, असं म्हणालो. तिनं बापाचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. अर्ध्या तासानं उठलो.

पुढच्या बाजाराला जानू उंबऱ्यातच उभा राहिला. आत यायचंही त्याला सुचत नव्हतं. “सांगितलं, सर?”

त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मी म्हणालो, “सांगितलं.”

“मंग? काय म्हनली?”

“येईन म्हणाली.”

कसं सुचलं, का सुचलं, देव जाणे. त्याला बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला उंबऱ्यातून लवकर काढून द्यायचं होतं. आपण परत जाऊ, तेव्हा नक्की सांगू, असं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात, सणानंतर, शाळेला सुट्टी लागली की. जानू दर बाजाराला डोकवायचा. “आजून न्हाई आली. पोरं ल्हान हाईत तिची,” असं तोच मला सांगायचा. मग तो यायचाही बंद झाला, त्याला चढउतार होईना.

दीड वर्षानं विठूचा निरोप आला. जानू गेला.

तिसऱ्या दिवशी मी डोंगर चढून कारवंडवाडीला गेलो. सावडून माणसं परत आली होती आणि अंगणात पंचवीस-तीस जण बसले होते. मालन दाराशी होती. तिनं मला पाहिलं आणि उठून बाजूला आली.

“सर, एक विचारायचं होतं. काका म्हणतात, बाबा सगळ्यांना सांगत होते, माझी मालन येणार आहे, तिचा निरोप आलाय. घर शाकारून घेतलं, माझ्या पोरांसाठी झोपाळा बांधला. रोज त्या फाट्यावर जाऊन बसायचे म्हणे, एसटीच्या वेळेला. मी तर कसलाच निरोप दिला नव्हता. त्यांना असं कुणी सांगितलं असेल?”

“मी,” मी म्हणालो.

आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. भिंतीवरचा फलक, रांगा, कोर्ट, तिच्या ओसरीवरचा चहा. काही राखून ठेवलं नाही. माझं संपल्यावर तिनं फक्त विचारलं, “दवाखाना वाटला त्यांना?”

“हो.”

मला वाटलं ती मला मारेल. मारायला हवं होतं. पण ती तशीच अंगणात गेली, विठूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, बाबांना तो दवाखाना वाटला होता.” मग चुलतीकडे गेली. “काकू, ते मुद्दाम नव्हते गेले. दवाखाना वाटला त्यांना.” एकेका माणसापुढे जाऊन ती तेच सांगू लागली. म्हाताऱ्यांना, बायकांना, ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असं त्यांना वाटलं. कोणीतरी तिला धरून खाली बसवायला लागलं.

तिनं हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे वळली.

“माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, सर. बाबांनी ते तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही सांगा. इथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगा.”

मी पायातले बूट काढले, पुढे गेलो आणि सांगायला सुरुवात केली.